शंभर टक्क्यांनंतर थांबायचं

"पडद्यावरची पट्टी भरून शंभर टक्के झाली, की हात मांडीवर ठेवायचा. ड्राइव्हकडे न्यायचा नाही."

कचेरीत माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे वाक्य ऐकवलेलं आहे. पाठीमागे ते माझी नक्कल करायचे, मला ठाऊक होतं. करू देत. सातबारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं तेव्हा मी कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिल्याच वर्षी एका साहेबांनी मीटिंगला उशीर होतोय म्हणून पेनड्राइव्ह खसकन उपटला. साहेबांचं नाव सांगत नाही, गेले बिचारे. तीनशे बारा नोंदी गेल्या. एका अख्ख्या गावाची जमीन दुपारभर कुणाचीच नव्हती. आम्ही तिघींनी चार दिवस बसून ती परत टाइप केली आणि तेव्हापासून मी या बाबतीत कुणाची गय केली नाही.

त्याच मी, उज्ज्वला चाळके, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी जाणूनबुजून ड्राइव्ह उपटला. त्याची ही हकीकत.

माझे यजमान विश्वास चाळके. चिपळुणात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे गाव त्यांना सर म्हणतं आणि चारचौघांत मीही. पाच वर्षांपूर्वी त्यांना विस्मरणाचा आजार जडला. आधी चष्मा सापडेना, मग घर सापडेना. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी उजव्या कानामागे स्मरणी बसवली. आता ती बऱ्याच घरांतून दिसते, पण तेव्हा तालुक्यात चौघांनाच होती.

स्मरणी काय करते, ते मला समजलं तसं सांगते. आठवण म्हणजे मेंदूच्या कुठल्या खणात ठेवलेली वस्तू नव्हे. ती पेशींची एका ठरावीक क्रमाने होणारी लुकलुक असते. तोच क्रम पुन्हा घडला की आपल्याला आठवलं असं आपण म्हणतो. या आजारात पहिल्या दोन-चार पेशी पेटतात आणि पुढची साखळी तुटते. चांगल्या दिवसांत घडलेला क्रम स्मरणी टिपून ठेवते आणि साखळी तुटली की विजेच्या बारीक टिचक्या देऊन पुढचा क्रम पुरवते. देवळाच्या उत्सवातल्या नाटकात विंगेत एक जण वही घेऊन उभा असतो, नट अडखळला की हळूच ओळ देतो, तसं. नाटक नटानेच करायचं असतं.

हे सगळे क्रम एका चिंचोक्याएवढ्या चकतीवर साठतात. ती कानामागच्या खाचेतून काढता-घालता येते. लिहून लिहून तिचे कप्पे झिजतात, दीड वर्षात ती थकते, मग सगळं नव्या चकतीवर उतरवावं लागतं. माणसाच्या मनातला मजकूर इंटरनेटवर चढवायचा नाही असा कायदा आहे आणि मला तो पटतो. म्हणून स्मरणीवाल्या प्रत्येक घरात, एरवी हद्दपार झालेला, टेबलावरचा जुन्या वळणाचा कॉम्प्युटर असतो. एका माणसाच्या दोन प्रती जगात राहू नयेत म्हणून जुनी चकती आठ दिवसांत स्मरणी-केंद्रावर परत द्यायची. तिथे तिचा भुगा करतात.

चकतीची पहिली बदली मी केली तेव्हा केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारखं नीट कुणी करत नाही." मी घरी येऊन हे सरांना दोनदा सांगितलं.

आता ज्यावर सगळं अडलं होतं, ते सांगते.

आमचा मुलगा निनाद कराडला नोकरीला होता. सहा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला तो घरी यायचा होता. केतकी, आमची लेक, नाशिकहून राखी घेऊन आधीच आली होती. सकाळी निनादने फोन केला, "बाबा, पाऊस फार आहे. निघू का उद्या येऊ?" सरांनी फोनवर पावसाचा नकाशा पाहिला, दरडींचा इशारा पाहिला. काहीच नव्हतं. "घाट मोकळा आहे. नीघ," ते म्हणाले. कुंभार्ली घाटात दोन तासांनी दरड आली. तिच्याखाली एकच गाडी होती.

स्मरणी बसवली तेव्हा पहिले तीन महिने डॉक्टर सरांना समोर बसवून जुन्या गोष्टी आठवायला लावायचे आणि यंत्र ते क्रम टिपायचं. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "सर, काही वगळायचं आहे का? त्रास होतो असं काही?" सर म्हणाले, "काही वगळायचं नाही. ते तर आधी घ्या." मी शेजारीच बसले होते. ते सगळं सांगताना त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

अशा एकेका प्रसंगाच्या फाइलींचा एक फोल्डर होतो आणि पुढे त्या प्रसंगाची जी जी उजळणी होते तीही त्यातच जाते. त्या नारळी पौर्णिमेच्या फोल्डरमध्ये एक्केचाळीस फाइली होत्या. तीव्र भावनेचा क्रम सगळ्यांत बळकट असतो, म्हणून जाग आली की तोच आधी पेटतो. रोज पहाटे सर पलंगाच्या कडेला उठून बसायचे आणि म्हणायचे, "मीच नीघ म्हणालो." थोडा वेळ रडायचे. मग तोंड धुऊन दिवसाला लागायचे. मी त्या वेळी स्वयंपाकघरात चहा ठेवायला जायची. रोज. सहा वर्षं बायको म्हणून मी काय केलं, तर त्या दहा मिनिटांत आधण ठेवलं.

यंदा मार्चमध्ये बदली आली, तेव्हा केतकी आठवडाभर फोन करत होती.

"आई, तो एक फोल्डर वगळ ना गं."

"त्याला अर्ज असतो. त्यावर बाबांची सही लागते."

"मग घे सही."

"कशावर सही करताय ते सांगावं लागेल. आणि ते नाहीच म्हणणार."

"त्र्याहत्तर वर्षांचा माणूस रोज रडत उठतो, आई. तुला बघवतं?" मग हळूच म्हणाली, "मला तर ती राखी कुठे ठेवलीय तेसुद्धा आठवायचं नसतं."

मी तिला खूप बोलले. नोंद ती नोंद, आपल्याला आवडली नाही म्हणून फेरफार करायचा नसतो, वगैरे. फोन ठेवला आणि मला कळलं की माझं ठरलेलं आहे. मला गुन्हा नको होता, अपघात हवा होता.

शनिवारी न्याहारी झाल्यावर मी सरांच्या कानामागची चकती काढली. चकती काढली की ते भांबावतात. त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि हातात त्यांचा नकाशांचा मोठा ग्रंथ दिला. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

"बाई, शाळा सुटली का?"

"सुटेल आता. बसा तुम्ही."

जुनी आणि नवी, दोन्ही चकत्या कॉम्प्युटरच्या खाचांत घातल्या. आधी तो एक फोल्डर सोडून बाकी सगळं उतरवलं. थांबले. मग ठसे जुळवले. ठसा म्हणजे प्रत्येक फाइलवरून गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा. जुन्या चकतीवरचा आणि नव्या चकतीवरचा आकडा तंतोतंत एक आला तरच प्रत खरी. सगळे जुळले. 'सुरक्षितपणे काढा' यावर टिचकी दिली, परवानगी आल्यावर नवी चकती काढली, पुन्हा घातली. एवढं केलं, कारण लिहिणं चालू असताना चकती ओढली तर मागचंही बिघडू शकतं, आणि ते मला बिघडवायचं नव्हतं. अपघातसुद्धा मी शिस्तीत बेतला होता.

मग उरलेला फोल्डर टाकला.

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, पण तो उतावळा असतो. चकतीवर लिहिणं हे संथ काम. म्हणून तो मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो, तुम्हाला 'झालं' म्हणतो आणि मागून सवडीने चकतीवर उतरवत बसतो. आमच्याकडचा माणूस फोनवर "निघालो, पोचतोच" म्हणतो तेव्हा तो अजून चपला शोधत असतो, तशातलीच गत. पट्टी सर्रकन भरली. शंभर टक्के. खाचेतला हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

माझा हात मांडीवर होता. मग नव्हता.

चकती पुन्हा घालून पाहिली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. त्या फोल्डरात एक्केचाळीस नावं दिसत होती, प्रत्येकापुढे शून्य. पाकिटं आली होती, आत पत्रं नव्हती. मी चकती रीतसर काढून सरांच्या कानामागे बसवली. जुनी चकती डबीत घालून डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि तोंडावर पाणी मारलं.

रविवारी पहाटे मला जाग आली ती शिट्टीने. सर शिट्टी वाजवत चहा ठेवत होते. सहा वर्षांत मी ती शिट्टी ऐकली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी अंथरुणातच हसले. केतकीचं खरं होतं, असं मनात म्हणाले. त्यांनी कप आणून हातात दिला आणि पलंगाच्या कडेला बसून विचारलं, "निनादचा फोन येऊन गेला का गं?"

मी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी त्याचं जाणं काढून घेतलं होतं. त्याचं असणं काढून घेतलं नव्हतं. त्याची मुंज, त्याची पहिली सायकल, कराडची खोली लावून दिली तो दिवस, सगळं चकतीवर होतं आणि ठसे जुळवून मीच ते उतरवलं होतं. चाळीस वर्षं डेटाशी खेळलेल्या बाईला एवढं कळू नये? आपण हुशार आहोत असं वाटतं, त्याच वेळी माणूस आंधळा होतो.

"रेंज नसेल," मी म्हणाले.

"असेल असेल," सर म्हणाले आणि पेपर उघडला.

सोमवारी विचारलं, मंगळवारी दोनदा विचारलं. कामात असेल, दौऱ्यावर असेल. बुधवारी ते बाजारातून ओले काजू घेऊन आले. "रविवारी येतोय ना तो. उसळ कर. तुझ्या हातची त्याला लागते." ओल्या काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून बोटांना तेल लावून बसावं लागतं. मी तेल लावून बसले आणि तासभर काजू सोलले. सर समोर बसून सोललेले गर वाटीत मोजून टाकत होते आणि मुलाचे लहानपणीचे किस्से सांगत होते. मी प्रत्येक किश्श्याला हसले. मला त्या वेळी मरून जावंसं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. मला वाटलं, जुनी सवय. ते चष्मा वर करून म्हणाले, "रविवारी पाऊसबिऊस काही नाही. घाट मोकळा आहे. त्याला सांगतो नीघ म्हणून."

तेच शब्द. तोच प्रसन्न आवाज. मी दाराची चौकट धरली.

"अहो, नका लावू फोन."

"का? दिवसाउजेडी बापाने मुलाला फोन करू नये?"

त्यांनी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधल्या बाईने तीन भाषांत सांगितलं. सरांनी पुन्हा लावला. मग फोन नकाशावर ठेवला आणि बराच वेळ घाटाची वळणं बोटाने गिरवत राहिले.

"नंबर बदलला त्याने," ते म्हणाले. "आणि मला दिला नाही. तुला दिलाय?"

"नाही."

"खरं सांग. माझ्यावर रागावलाय का गं? मी काही बोललो का त्याला? माझ्या काही लक्षात राहत नाही, तुला ठाऊकच आहे. मी काय बोललो?"

मी म्हणाले, "काही नाही बोललात."

"मग मुलगा असा तोडून टाकेल का बापाला?"

शुक्रवारी ते पहाटे पलंगाच्या कडेला बसलेले दिसले. रडत नव्हते. आपण मुलाला काय बोललो असू, हे शोधत होते. एकेक प्रसंग काढून मला विचारत होते, सायकल घेऊन दिली नाही म्हणून? चित्रकलेला जाऊ दिलं नाही म्हणून? मी काढून घेतलेल्या दुःखाच्या जागी हे येऊन बसलं होतं, आणि याला तळ नव्हता. त्या दुःखात निदान मुलगा त्यांचा होता. आता तो त्यांना टाकून गेलेला होता. शनिवारी सकाळी केतकीचा फोन आला, "बाबा खूश आहेत ना?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, परत घाल ते. आत्ताच्या आत्ता घाल."

दुसऱ्या दिवशी जुनी चकती परत द्यायची होती. मी डाळीच्या डब्यामागची डबी काढून सरांपुढे ठेवली.

"अहो, तुमची एक गोष्ट मी तुमच्यापासून काढून ठेवली आहे. वाईट आहे. परत घालू का?"

त्यांनी डबीकडे पाहिलं. "निनादची?"

"हो."

"नकाशात मला नको असलेली नदी कुणी खोडली," ते सावकाश म्हणाले, "तर मी त्या नकाशावर चालायचं कसं? घाल."

मी त्यांच्या कानामागून चकती काढली. ते पुन्हा खिडकीपाशी नकाशांचा ग्रंथ घेऊन बसले आणि मला बाई म्हणाले. मी दोन्ही चकत्या खाचांत घातल्या. रिकामी एक्केचाळीस नावं पुसली आणि फोल्डर पुन्हा टाकला. चार सेकंदांत पट्टी भरली.

हात मांडीवर ठेवला.

दिवा लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघत बसले. घाटातल्या त्या दिवसाचा एकेक तुकडा पलीकडे उतरत होता. फोनची घंटा, केतकीच्या हातातली राखी, दारात आलेला पोलीस, सरांनी माझा पदर धरून ठेवला होता ते. त्या सगळ्याकडेही मी सहा वर्षं पाठ फिरवली होती. दिवा स्थिर झाला. टिचकी दिली, परवानगी आली, काढली, पुन्हा घातली, ठसे जुळवले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जुळले.

चकती सरांच्या कानामागे बसवली.

यंत्राला थोडा वेळ लागतो. सर समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू माझ्या ओळखीचा झाला. गेले सात दिवस शिट्टी वाजवणारा माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

"मीच नीघ म्हणालो," ते म्हणाले.

आणि त्यांना मागचा आठवडाही आठवत होता, तो नव्या चकतीवर होताच. फोन, काजू, नकाशा. त्यांनी एकेक जोडत नेलं, वर्गात फळ्यावर नकाशा भरायचे तसं.

"तू काढलंस."

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

"तो हक्क तुझा नव्हता, उज्ज्वला." आवाज चढला नाही, पण बत्तीस वर्षांची शाळा त्यात होती. "मी आधी घ्या म्हणालो होतो. तू शेजारी होतीस."

"होते. चुकले मी. पुन्हा नाही करणार."

ते उठले. मला वाटलं, आता बाहेर निघून जातील. ते ओट्याकडे गेले, बुधवारच्या काजूगरांची वाटी तशीच झाकून ठेवलेली होती, तिच्यावरचं झाकण काढून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

"म्हणजे हे काजू तू सोललेस तेव्हा तुला माहीत होतं."

मी मान हलवली.

"आणि मी हसवत होतो, म्हणून तू हसलीस." ते जवळ आले, माझी बोटं हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. तेल लावूनही दोन ठिकाणी कातडी सोलवटलीच होती. "सात दिवस. हे घेऊन तू या घरात एकटीच होतीस का गं?"

सहा वर्षांत मी रडले नव्हते, कारण रडायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मी आधण ठेवत होते. तेव्हा रडले. उभ्याने, आवाज करून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता.

आज पहाटे ते नेहमीसारखे पलंगाच्या कडेला उठून बसले. मी सवयीने उठले आणि स्वयंपाकघराकडे वळले.

"चहा नंतर ठेव," सर म्हणाले आणि बसायला थोडी जागा करून दिली.